साक्षीदार थेंब

तिला सगळे बाटलीबाई म्हणत. बावीस वर्षांपूर्वी ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे जुन्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली ती जंतू ओळखायला शिकली, मायक्रोस्कोपपुढच्या खुर्चीवर बसू लागली. रिपोर्टखाली सही मात्र कायम दुसऱ्याची. डोळे कितीही तीक्ष्ण असोत, हातात पदवीचा कागद नाही ना!

जंतू तिला माणसांपेक्षा सरळ वाटत. आधी आकार बघायचा: कुणी गोल, कुणी कांडीसारखे, कुणी पीळ पडलेले. मग राहतात कसे ते बघायचं, जोडीनं, माळेनं की घोसानं. मग रंग. जांभळा रंग चढवायचा, आयोडीननं पक्का करायचा, स्पिरिटनं धुवायचा आणि शेवटी गुलाबी द्यायचा. ज्यांची भिंत जाड, ते जांभळा सोडत नाहीत. ज्यांची पातळ, त्यांचा तो धुऊन जातो आणि ते गुलाबी दिसतात. कोणतं औषध लागू पडेल, याचा पहिला अंदाज इथंच येतो.

तिची एक खोड होती. रुग्णाच्या थेंबाशेजारी, त्याच काचपट्टीवर, ती ओळखीच्या जंतूंचे दोन थेंब टाकायची: एक हमखास जांभळा होणारा, एक हमखास गुलाबी. त्यांना ती साक्षीदार म्हणे. तीन महिन्यांपूर्वी आलेले प्रयोगशाळेचे नवे साहेब त्यावर हसले होते. "उगाच वेळ घालवता, बाई."

त्या दिवशी एका सुताराच्या जखमेतला पू आला. करवत धरायचा उजवा हात कोपरापर्यंत सुजला होता. घाई होती म्हणून साहेबांनी स्वतःच, साक्षीदार न टाकता, काच रंगवली, बघितली आणि म्हणाले, "गोल. गुलाबी. लिहा."

बाटलीबाईनं डोळा लावला. गोल खरेच, द्राक्षांच्या घडासारखे घोसानं बसलेले. आणि गुलाबी? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, हे घोसवाले असे गुलाबी नसतात. स्पिरिट जास्त वेळ राहिलं. जांभळा रंग तुम्हीच धुऊन काढलात."

रिपोर्ट न्यायला उभी असलेली नर्स एकदम छताकडे बघू लागली.

"तुम्ही मला शिकवणार?"

"मी कशाला? काच सांगेल. पुन्हा रंगवते."

"आणि चुकलात तर?"

घरी थोरली बहीण रोज बजावायची, तोंड बंद ठेव, नोकरी टिकते. बावीस वर्षं टिकवली होती. पण चुकीच्या औषधानं त्या माणसाचा हात गेला, तर ती टिकवलेली नोकरी काय चुलीत घालायची?

"चुकले तर उद्यापासून पुन्हा बाटल्या. या खुर्चीला शिवणार नाही. बरोबर निघाले तर रिपोर्टवर माझं नाव हवं."

"कबूल," साहेब म्हणाले. त्यांना ते स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं असावं.

तिनं नवी काच घेतली. मधे सुताराचा पू, दोन कडांना साक्षीदार. जांभळा ओतताना बाटली ओघळली आणि बोटं रंगली. बाटली आजच ओघळायची होती मेली! मग आयोडीन, मग स्पिरिट; ओघळातला जांभळा ओसरताच तिनं काच नळाखाली धरली आणि शेवटी गुलाबी दिला.

"आधी साक्षीदार बघा," तिनं खुर्ची सोडली.

साहेब वाकले. एका कडेला जांभळे, दुसऱ्या कडेला गुलाबी, जिथल्या तिथे. मग त्यांनी काच मधे सरकवली आणि फोकसचा स्क्रू पुढे-मागे फिरवला.

"जांभळे आहेत," शेवटी ते म्हणाले. "घोसच्या घोस."

त्यांनी नवा रिपोर्ट लिहिला, सही केली. त्याखाली पेन टेकवलं आणि अडले.

"बाई, तुमचं... खरं नाव काय?"

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं पेन काढून घेतलं आणि आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं, साहेबांच्या सहीपेक्षा मोठ्या अक्षरांत. शेजारी जांभळ्या बोटाचा ठसा उमटला.

साहेबांनी पुसायला कापूस स्पिरिटमध्ये बुडवला. तिनं कागद उचलून नर्सच्या हातात दिला.

"राहू द्या, साहेब. तुम्ही जरा जास्तच धुता."