दाजी पोलंडला जेवायला जातात

आमच्या दाजींचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. त्यांच्यापुढे ताट ठेवा, एक किस्सा तयार!

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान, राहणार माण. जमीन आयटी पार्कात गेली, उरलेल्या जागेत खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. आमटीत कोथिंबिरीची काडी सापडली तरी वाटी बाजूला सारतात. शेजारच्या पौडला लग्नाला गेले तर अक्षता टाकून जेवायला घरी! अशा माणसाला घेऊन, आक्का विमानाला घाबरते म्हणून, मी पोलंडला गेलो, तेही पिरंगुटच्या कंपनीत हातापाया पडून रजा काढून.

कारण दाजींची लेक, माझी भाची सोनल. नोकरीला तिकडे गेली आणि तिथल्याच मारेकशी लग्न केलं. लग्न माणलाच झालं. विहीणबाईंनी डोळ्यांतून पाणी काढत आक्काचा ठेचासुद्धा संपवला होता.

सोनल फोनवर म्हणाली, "आप्पा, मारेकच्या घरी एकदा पोटभर जेवा, बाकी काही नको. नाही जेवलात तर त्यांना वाटेल, तुम्हाला जावई पसंत नाही."

"जेवतो की! त्यात काय येवढं!" दाजी म्हणाले.

आक्कानं धपाट्यांचं पीठ मळायला घेतलं.

*

विमानात ट्रे आला. दाजींनी फॉइल उचकटून वास घेतला, परत नीट दाबून बसवलं आणि हवाई सुंदरीच्या हातात दिलं.

"उष्टं न्हाई केलेलं, बाई. दुसऱ्या कुनाला द्या!"

मग धपाट्यांचं फडकं सुटलं. लसणाचा वास पार पुढच्या रांगेपर्यंत! शेजारच्या गोऱ्या आजोबांना दाजींनी दोन धपाटे दिले, त्यांनी ते आवडीनं खाल्ले.

"बघा पाव्हणं," दाजी मला म्हणाले, "बिचारं उपाशी हुतं!"

*

धपाटे संपले आणि खरी परीक्षा सुरू झाली. सोनलनं हॉटेलात नेलं. पहिलं सूप आलं, बिटाचं, गुलाबी आणि थंडगार.

"गार कसं काय? गॅस संपला व्हय ह्यांचा?"

"आप्पा, ते गारच पितात."

"मग ह्यांची सैपाकीन करती काय दिवसभर?"

*

त्याच हॉटेलात पुढची डिश आली. दाजींचा चेहरा एकदम उजळला.

"आरं, उकडलेली करंजी! पाव्हणं, आपलीच मानसं हायेत की ही!"

अख्खी करंजी तोंडात. आत आंबवलेला कोबी! गिळवेना, थुंकवेना. दाजींनी मला नुसते हात जोडले. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

बाहेर आल्यावर म्हणाले, "करंजीत कोबी घालनाऱ्या घरात पोरगी दिली आपन!"

मग आक्काला व्हिडिओ कॉल. "पिठलं दाव जरा." आक्कानं फोन पातेल्यावर धरला आणि दाजींनी पिठल्याकडे बघत कोरडा पाव संपवला.

*

रविवारी सोनलच्या सासरी जेवण. विहीणबाई दोन दिवस रांधत होत्या. मधोमध मोठ्या बशीत तेलात बुडवलेला कच्चा, खारा मासा. पळी घेऊन त्या दाजींच्या खुर्चीमागेच उभ्या, अगदी आपल्याकडे आग्रहाला उभ्या राहतात तशा.

दाजींनी मासा बघितला आणि हात जोडून उभेच राहिले.

"सोनल, सांग ह्यास्नी. आमच्यात लेकीला लेकरू होईस्तवर बाप तिच्या सासरी जेवत न्हाई. रीत हाय!"

रीत खरी आहे हो! पण ती आठवली बरोबर मासा बघून! मला असा राग आला म्हणता!

सोनलनं त्यांच्या भाषेत सगळं समजावून सांगितलं. विहीणबाईंनी पळी खाली ठेवली.

मग मारेक सोनलच्या कानात काहीतरी पुटपुटला. डोळे पुसून ती हसली.

"बरं आप्पा, रीत मोडायला नको. मग मार्चमध्येच जेवा."

"मार्चात काय हाय?"

"डॉक्टरांनी मार्च सांगितलाय, आप्पा."

दाजी मटकन खुर्चीत बसले. लेकीकडे बघत राहिले. नाक ओढलं, बशी पुढ्यात ओढली आणि माशाचा मोठा तुकडा तोंडात टाकला. चावला. गिळला. डोळ्यांतून घळाघळा पाणी!

मग ताट उचलून विहीणबाईंपुढे धरलं.

"वाढा ताई! मार्चपतूर कोन थांबतंय!"