सरकीचं पोट आणि बिनतातेची धुनकी

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो... भूत, सावली, बाहेरचं, असलं कोणी बोलायला लागलं की मी उठून चहा सांगायला जाणारा माणूस. आमच्या घुग्घुसमध्ये ट्रकवाले एकेक किस्से सांगतात. रस्त्यात बाई दिसली, मागच्या सीटवर कोणी येऊन बसलं... मी म्हणतो, भाऊ, डबल ड्यूटी केली तर मलेही दिसन. या पानावरचे अनुभव मी वाचतो, पण खरं सांगू? हसायला वाचतो. आता मीच लिहायला बसलोय, तर हसा माझ्यावर. पण पूर्ण वाचा आणि मग हसा.

माझं नाव सलीम. आमचं गादी-रजईचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, आणि दोन्हीच्या मधात पत्र्याची एक खोली, जिथे कापूस पिंजतो. आता त्याला मशीन आहे, बटण दाबलं की काम सुरू. अब्बांच्या काळात धुनकी होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो — माणसाएवढी लांब लाकडी कमान, तिला ताणून बांधलेली तात, म्हणजे जनावराच्या आतड्याची दोरी. त्या तातेवर लाकडी मुठियानं मारत राहायचं, तिच्या थरथरीनं कापूस मोकळा होतो. घुंग... घुंग... असा आवाज पार चौकापर्यंत जायचा. मशीन आलं आणि धुनकी भिंतीला टांगली, ती टांगलीच. तात तर उंदरांनी कधीच खाऊन टाकली. म्हणजे भिंतीवर उरलं होतं ते नुसतं लाकूड. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अब्बांना जाऊन आता वर्ष होत आलं. तेव्हापासून अम्मीनं बोलणंच टाकलं होतं. विचारलं तर हो-नाही, ताट समोर ठेवलं तर दोन घास. पिंजणाच्या खोलीत तर ती पायही ठेवत नव्हती. मी आणि माझी बायको रुखसाना, आम्ही सगळं करून पाहिलं. नातेवाईक बोलावले, चंद्रपूरला बाजारात फिरवून आणलं. काही फरक नाही.

आणि मग कापसात मांजराचं पिल्लू निघालं.

कोरपन्याचे मारोतीभाऊ दरवर्षी घरचा कापूस आणून देतात. दुकानात त्यांचं बोंद्रं, म्हणजे कापसाचं गाठोडं, सोडलं, मी मूठभर कापूस ओढला, तर हातात काहीतरी गरम लागलं. हाक मारून रुखसानाला बोलावलं. पांढरंशुभ्र, बोटाएवढ्या शेपटीचं, डोळे नुकते उघडलेले. मारोतीभाऊंना फोन केला तर ते म्हणाले, "अरे, त्याच्या मायले कुत्र्यानं मारलं ना, सलीमभाऊ. आम्ही सारा गोठा शोधला, पिल्लू कुठी गेलं काई समजलंच नाई. आता तुमीच पाहा त्याले."

अम्मी उठली, आली, माझ्या हातातून तिनं ते पिल्लू घेतलं आणि म्हणाली, "कापसातून निघाली, सरकीच आहे ही." एवढं लांब वाक्य आम्ही किती दिवसांनी ऐकलं. (घरात आमची हिंदी-मराठी खिचडी चालते, इथे सगळं मराठीतच लिहून राह्यलो.) झालं, नाव पडलं सरकी.

आता पिल्लाचं पोट हा काय प्रकार असतो ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. आम्ही कौतुकानं गाईचं दूध पाजलं, तर सरकीला असे जुलाब लागले की अम्मीची ओढणी, माझी लुंगी, दुकानातली नवी उशी... काही सोडलं नाही तिनं. शेजारचे एकेक उपाय सांगून गेले. दही द्या, पेज द्या, हळद लावा. मी सरळ गाडी काढली आणि चंद्रपूरला जनावरांच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्या म्हणाल्या, गाईचं दूध बंद, मांजराच्या पिल्लांची वेगळी पावडर मिळते ती द्या. आणि इतकं लहान पिल्लू आपोआप शी करत नाही, त्याची आई चाटून करवते, तेव्हा दूध पाजलं की ओल्या गरम कापसानं शेपटीखाली पुसत जा. हे काम कोण करणार म्हणून मी रुखसानाकडे बोट केलं, तिनं माझ्याकडे. अम्मीनं मात्र ते काम स्वतःकडे घेतलं. दिवसभर तेच. पाजते, पुसते, पोटाला बोट लावून पाहते, मला हिशोब देते, "आज घट्ट झाली." आणि हो, स्वतःही जेवायला लागली. मी मनातून इतका खूश झालो की सांगता येत नाही.

मग आम्ही ती चूक केली, जी फक्त गादीवालाच करू शकतो. सरकीला झोपायला खोका केला आणि त्यात आमच्याकडचा सगळ्यात भारी, ताजा पिंजलेला कापूस मोकळाच भरला. म्हटलं, आपल्या घरची लेक, हिला नाही तर कोणाला? आणि हिला माय नाही, ती तो कापूसच चोखत बसायची. चोखता चोखता गिळत गेली. आमच्या कोणाच्या ध्यानात नाही आलं. दोन-तीन दिवसांत पोट टमटमीत फुगलं, शी बंद, दूध तोंडाला लावलं की मान फिरवायची. पुन्हा चंद्रपूर. डॉक्टर मॅडमनी पोट दाबून पाहिलं, शी पातळ करायचं औषध दिलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एवढ्याशा जीवाचं ऑपरेशन होत नाही. उद्यापर्यंत कापूस बाहेर पडला तर ठीक."

सोबत आलेल्या अम्मीनं ते ऐकलं असावं. घरी आल्यावर ताट सरकवून दिलं. "तिचं पोट साफ होऊ दे, मग खाईन मी." सरकी गेली तर अम्मी पुन्हा त्याच गप्पपणात जाणार, आणि या वेळी बाहेर येणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

दुसरा दिवस रविवार. हे मुद्दाम सांगतो, कारण रोज दुपारी कोळशाच्या खाणीत ब्लास्टिंग होतं तेव्हा आमच्याकडे भांडी वाजतात, पत्रे वाजतात. त्या दिवशी ब्लास्टिंग नव्हतं. लाईटही गेलेली, म्हणजे मशीन बंद. जुना माल संपला म्हणून पिंजणाची खोली झाडून रिकामी केलेली होती, मारोतीभाऊ दुपारी नवीन कापूस घेऊन येणार होते. घरात उकडत होतं, म्हणून रुखसानानं त्या खोलीचं मागचं दार उघडलं आणि अम्मी अब्बांनंतर पहिल्यांदा तिथं जाऊन बसली, मांडीवर सरकी. मी पुढे दुकानात गादीला टाके घालत होतो.

आणि आवाज आला. घुंग.

मी म्हटलं बाहेरचं काही असेल. पुन्हा आला. घुंग, घुंग, घुंग — तीन हलके, मग एक जोरात, मग जरासा थांबा. पुन्हा तीन हलके. सुई तशीच गादीत सोडून मी आत पळालो. रुखसाना दारात उभी, तोंडावर हात. अम्मी भिंतीकडे पाहत बसलेली. धुनकी जागच्या जागी टांगलेली, हलतही नव्हती. तिच्यावर कोळशाची धूळ बसते आमच्याकडे, तीसुद्धा तशीच होती, एक बोट उमटलेलं नाही. आणि आवाज तिच्यातूनच येत होता... तात नाही, मुठिया नाही, कोणी हात लावत नाही. मी पुढे होऊन लाकडावर तळवा ठेवला. थरथर लागली हाताला. खांद्यापर्यंत आली.

"सरकीले पाहा," रुखसाना म्हणाली.

सकाळपासून निपचित पडलेली सरकी, तिनं मान वर केली होती. दोन्ही कान भिंतीकडे. मग ती गुरगुरायला लागली, त्याच ठेक्यात, शप्पथ. पोट हलताना दिसत होतं. मग तिनं मागचे पाय ताणले, जोर केला आणि अम्मीच्या ओढणीवर ती सगळी घाण... आणि त्यात पिळलेल्या वातीसारखा कापूस. मी नाचलो हो. चाळिशीचा माणूस, मांजराच्या शीसाठी नाचलो. रुखसाना रडत होती की हसत होती तिलाच माहीत. आवाज कधी थांबला, ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

तेवढ्यात दुकानातून हाक आली. मारोतीभाऊ. बोंद्रं खाली ठेवत म्हणाले, "काऊन सलीमभाऊ, मशीन इकून टाकली का? मी वळणावरूनच ऐकून राह्यलो, म्हटलं धुनकी पुन्हा चालू केली वाटते. लय दिवसानं आयकली."

मी त्यांना हाताला धरून आत नेलं, धुनकी दाखवली. ते बिनतातेचं लाकूड पाहून चहा न घेता गेले. चहा न घेता जाणारा तो माणूस नाही.

तेव्हापासून मी काय काय करून पाहिलं. लाईट बंद ठेवून, मागचं दार उघडून, ट्रक जाताना, ब्लास्टिंगच्या वेळी लाकडाला कान लावून... काही नाही. नवीन तात आणून बांधली, स्वतः वाजवली. सरकीनं कानसुद्धा फिरवला नाही. मित्र म्हणतो, जमिनीतली काही कंपनं असतील. असतील. पण कंपनांना तीन हलके आणि एक जोरात कोणी शिकवलं?

अम्मीनं त्या दुपारी भात मागून घेतला. दोनदा. मग सरकीला पुसता पुसता म्हणाली, "थो हात तुझ्या अब्बाचाच होता."

मी म्हटलं, "अम्मी, अब्बा तर सरळ एका लयीत मारायचे. मी लहानपणापासून ऐकलं आहे."

"थे कापसासाठी," अम्मी म्हणाली. "हे तुझ्यासाठी होतं. तू इतकुसा होता, पोट फुगायचं तुझं, रडून रडून काळानिळा व्हायचा. डॉक्टर झाले, दवा झाल्या. मग अब्बा तुले कापसाच्या ढिगावर निजवायचे आणि असंच वाजवायचे, तुझं पोट मोकळं होईपर्यंत. कापूस नाई पिंजायचे त्या वेळी. नुसतं वाजवायचे."

मला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. अब्बांनी तर नाहीच.

सरकी आता चांगली ढबुली झाली आहे, उंदरांच्या मागे लागते. अम्मी दुकानात बसते, गिऱ्हाइकांशी भांडते. पटण्यासारखं कारण माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर कळवा, मी भांडणार नाही. परवा बाहेर लग्नात जेवलो आणि माझं पोट बिघडलं. दुपारी घरात कोणी नव्हतं. मी जाऊन जरा वेळ त्या धुनकीखाली बसलो. ऐकू काही आलं नाही. तरी बसलो.