गच्चीवर वाचलेली कादंबरी

गव्हाच्या चिकाचा वास आला ना, की मला आमची श्रीरामपूरची गच्चीच आठवते. सासर सोडून आलेली ताई कुरडया घालत होती, शेजारच्या काकू मदतीला, आणि मी मोठमोठ्यानं कादंबरी वाचत होते. नवऱ्याला सोडून आलेल्या पोरीला अख्खं गाव टोमणे मारून परत पाठवतं, अशी गोष्ट! मला वाटलं, असल्या माणसांबद्दल ऐकून काकूंना लाज वाटेल, टोमणे थांबवून त्या ताईला सुखानं राहू देतील. पण काकू गोष्टीतल्या टोमणे मारणाऱ्या म्हातारीवरच जाम खूश! "लई खरं बोलती गं ही! पोरींनी काय माहेरीच बसायचं व्हय?" आईपण हसली. ताईनं सोऱ्या खाली ठेवला, हात धुतले आणि संध्याकाळच्या एसटीनं सासरी गेली. आताही फोन केला की "बरी आहे" म्हणते आणि मी पुढचं विचारायच्या आत ठेवून देते.