मुलीच्या गुडघ्यांवर चढलेल्या मॅडम

देवासकर मंडळींनो, आज बॅलेच्या क्लासमध्ये मी मॅडमच्या कानाखाली वाजवली.

माझी बारा वर्षांची ईरा पायांचे तळवे जुळवून, गुडघे दोन्हीकडे पाडून बसली होती आणि मॅडम तिच्या दोन्ही गुडघ्यांवर चढून उभ्या होत्या. पोरगी किंचाळत होती. बाकीच्या आया मोबाइलवर शूट करत होत्या, घरीही असंच करून घ्यायला!

मी आत घुसले, तर मॅडम म्हणतात, "भाभी, बीच में मत आओ, ऑडिशन है. हड्डी ऐसे ही खुलती है."

दंड धरून खाली खेचलं आणि ठेवून दिली एक.

घरी आल्यावर ईरा परत तशीच तळवे जुळवून जमिनीवर बसली.

"मॅडम आता मला क्लासमध्ये घेणार नाहीत. चढ तू."

सांगा, आता कोणाच्या कानाखाली वाजवू?