राखणीचं गाऱ्हाणं

एखाद्या माणसाचे किस्से कधी साठतात ते कळत नाही. एकाने सांगितला की दुसरा चहाचा कप खाली ठेवतो, "ह्यां काय नाय, माझां आयक."

दिल्लीहून एम.ए. करून मी मसुऱ्याजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा पिशवीत एक कोरी वही होती. तिच्यात आजीच्या सोसण्याची कथा लिहायची होती. तरुणपणी वैधव्य, पुढे तरणा मुलगाही गेला, मागे सून आणि नात. आजीला जाऊन वर्ष होत आलं होतं. सांगणारे रडतील, अशी माझी कल्पना. प्रत्यक्षात आमच्या घरापुढच्या खळ्यात शेजारपाजार जमला होता आणि हसून हसून कमळीमावशीला ठसका लागला होता.

जमण्याचं कारण दुसऱ्या दिवशीची राखण. बागेच्या राखणदाराला, म्हणजे तिची राखण करणाऱ्या देवाला, वर्षातून एकदा नारळ आणि कोंबडा द्यायचा, आणि सगळ्यांच्या वतीने उभं राहून मोठ्याने गाऱ्हाणं, म्हणजे देवाकडे मागणं, घालायचं. आमच्या बागेत हा मान कित्येक वर्षं आजीचा होता. आता भावकीतले आबाकाका म्हणाले, "घरात पुरुष नाय. भावकीत थोरलो फोंडाघाटचो नाना, तेका सांगान धाडलंय. तो घालतलो."

एकदा घराबाहेर गेलेला मान परत येत नाही. आई खाली मान घालून तांदूळ निवडत होती. मी समतेवर दहा मिनिटं तावातावाने बोलले.

"बरां बोलतंस गो," आबाकाका म्हणाले. "पण उद्या नानाच घालतलो."

* * *

आजी एकदा मोठा फणस घेऊन एसटीत चढली. कंडक्टर म्हणाला, "आजी, फणसाचं तिकीट लागेल." आजीने काढलं आणि फणस शेजारच्या सीटवर ठेवला. पुढच्या थांब्याला गर्दी झाली. एका गृहस्थांनी फणस खाली ठेवायला सांगितलं.

"तेचां तिकीट आसा," आजी म्हणाली. "तुमी उभे ऱ्हवा."

मालवणपर्यंत फणस खिडकीशी बसून गेला.

* * *

रेशन कार्डासाठी साहेब घरी आले. "कुटुंबप्रमुख?"

आजीने स्वतःचं नाव सांगितलं.

"तसं नाही आजी, घरातला कर्ता पुरुष कोण?"

"पुरुष एकच. थंय गोठ्यात बांधलेलो आसा, रेडो. तेका सही करूक येयत तर तेचां नाव लिवा."

* * *

आजोबांच्या वर्षश्राद्धानंतर आजीने केसांत अबोलीचा वळेसर माळला. देवळात बायका कुजबुजल्या. एकीने तोंडावर विचारलं.

"झाडाक पाणी मी घालतंय," आजी म्हणाली. "तीच फुलां देवाच्या डोक्यार चलतत, मग माझ्या कित्याक नाय?"

पुढच्या सोमवारी तीन विधवांच्या डोक्यात वळेसर. देवाला फुलं उरली नाहीत, अशी गुरवाची तक्रार.

यातली एक कमळीमावशी. हे तिने सांगितलं नाही, आईने सांगितलं.

* * *

हा किस्सा माझा. दिल्लीतून मी आजीला चार पानी पत्र लिहिलं होतं: स्त्रियांचं शोषण, संघर्ष, नवा समाज. आजीने ते पोस्टमनकडून वाचून घेतलं आणि उत्तरही त्यालाच लिहायला सांगितलं.

"तुझां पत्र पोचलां. पोस्टमनाक काय कळूक नाय. माका थोडां कळलां, तां मी करतंयच. जेवतंस मां?"

* * *

शेवटचा किस्सा आबाकाकांनी सांगितला, जरा नाइलाजानेच.

आजोबा गेल्यावरची पहिली राखण. गाऱ्हाणं कोणी घालायचं यावर भावकीतल्या पुरुषांचा वाद चालला होता. आजीने पदर खोचला, नारळ उचलला आणि सुरुवात केली. बागेक राख, वाटेन जाणाऱ्याक राख, माझ्या झिलाक राख. झील म्हणजे मुलगा, माझे बाबा.

प्रत्येक मागणीनंतर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. ते म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. कोणी तोंड उघडलं नाही.

आजी म्हणाली, "राखणदारान आयकलां. तुमका आयकाक येवक नाय, तर परत सांगतंय."

पुन्हा पहिल्यापासून. मग तिसऱ्यांदा. गाऱ्हाणं झाल्याशिवाय कोंबडा कापता येत नाही, आणि कोंबड्याशिवाय जेवण नाही. वैशाखातलं ऊन चढत होतं. आजीचा आवाजही चढत होता.

पाचव्या खेपेला मागच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटलं, "व्हय म्हाराजा." मग सगळेच म्हणाले.

"पहिलं कोण म्हणालं?" मी विचारलं.

आबाकाका चपला शोधायला लागले.

* * *

सकाळी मी डोक्यावरून न्हाले आणि आईला म्हटलं, "नारळ माझ्याकडे दे. गाऱ्हाणं मी घालणार."

"शब्द येतत तुका?"

"नाही. माझे घालीन."

आईने नारळ पदराने पुसला. "नानांची एसटी नवाक येता."

"येऊ देत," मी म्हटलं. "मागून म्हणायला माणसं लागतातच."