फोनवर मोटर बंद होती

"मोटर चालू झाली तेव्हा बबनभाऊ विहिरीत व्हता, ताई. आन् माझ्या फोनवर मोटर बंद दिसत व्हती. आता बोला!"

मी काय बोलणार? मी पुण्याच्या ऑफिसात चहाचा कप हातात धरून उभी होते. फोनवर निरगुडसरच्या लताकाकू होत्या. ऊस आणि भाजीपाला करतात, आमच्या अगदी सुरुवातीच्या ग्राहक. आमची कंपनी विहिरीवरच्या मोटरीसाठी एक पेटी बनवते. ती स्टार्टरला जोडायची आणि मोबाईलवरून मोटर चालू-बंद करायची. एकट्या निरगुडसरात अशा अकरा पेट्या होत्या.

बबनभाऊ त्या भागातले मोटर फिटर. तिकडच्या जुन्या विहिरींत पाण्याच्या जरा वर, एका ओट्यावर मोटर बसवलेली असते. तिच्या दांड्याजवळून पाणी गळायला लागलं की तिथली गळती अडवणारी दोरी बदलावी लागते. ते करताना बोटं दांड्याला टेकलेलीच असतात. बबनभाऊंनी पाना घ्यायला हात मागे घेतला आणि दांडा गरगर फिरायला लागला. एवढंच झालं. म्हणजे काहीच झालं नाही. पण काकूंचा आवाज ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला.

शिरीष सर माझे बॉस. त्यांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "युजर एरर. घरातल्या कुणीतरी चालू केली असेल."

सर्व्हरवर पाहिलं. काकूंच्या पेटीला सकाळी 'बंद'चा हुकूम गेलेला, त्यानंतर एकही 'चालू' नाही. सरांना दाखवलं.

"मग कुणीतरी स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं असेल."

"सर, स्टार्टरपाशी काकू स्वतः उभ्या होत्या."

"मनीषा, लोक काहीही सांगतात."

मला राग आला, पण खोटं कशाला सांगू, मनातून मलाही तसंच वाटत होतं. कारण पेटीतला वायरलेस ड्रायव्हर मी लिहिलेला. (ओतूरला घरी मी ड्रायव्हर लिहिते म्हटलं की मामा विचारतात, कुठल्या गाडीवर?) पेटीत एक रेडिओ चिप असते. तिला फक्त आकडे कळतात. तिच्यात आणि बाकीच्या प्रोग्राममध्ये जो दुभाष्या लागतो, तो ड्रायव्हर. दोन वर्षं तो बिनतक्रार चालला होता. आपलं लेकरू कुणाच्या घरावर दगड मारेल, हे कुठल्या आईला पटतं?

पेटी मागवून घेतली. टेबलावर लावून तीनशे वेळा बंद-चालू केली. तीनशे वेळा शहाण्यासारखी वागली. सर म्हणाले, "झालं समाधान?"

समाधान झालं नव्हतं. सोमवारी पेटी बॅगेत घालून मी निरगुडसर गाठलं.

काकूंनी पाणीही न विचारता सरळ विहिरीवर नेलं. बबनभाऊ तिथेच बसले होते. पन्नाशीचे, काटक, बोलायला मऊ. मला वाटलं होतं शिव्या खाव्या लागतील.

"भाऊ, खाली उतरताना वीज तोडली नव्हती का?" मी विचारलं. खरं तर मला त्यांच्याकडून एखादी चूक हवी होती.

"पह्यले तोडायचो की. तिन्ही फ्यूज काढून खिशात घालायचो, मगच पायरीवर पाय. पण तुमची पेटी आली. काकू म्हनल्या, अरे मोबाईलवर बंद केलंय, आता फ्यूज कशाला काढतो? मला बी पटलं. एवढं शिकल्याली मानसं, त्यांनी करूनच ठिवलं आसंल सगळं."

मी खाली बघितलं. वीस वर्षांची सवय या माणसानं माझ्या भरवशावर सोडली होती. आणि आमच्या माहितीपत्रकात आम्ही हेच अभिमानानं छापलं होतं की आता विहिरीवर जायची गरज नाही.

मी पेटी परत जोडायला घेतली. बबनभाऊ म्हणाले, "ताई, तुमच्या टेबलावर लाईट येती कशी?"

"म्हणजे?"

"म्हंजी येती-जाती का कायम असती?"

"कायम असते."

"मग कसं घावंल? ह्या आठवड्यात आमाला दिवसाची लाईट हाय. साडेदहाला येती. सगळ्यांच्या मोटरी आटोवर. लाईट आली की आख्खं गाव एकदम वढतं. बल्ब बघा तवा, निखाऱ्यावानी व्हतो. तुमची चिप त्या टायमाला काय करती, ते बघा."

'ऑटो' म्हणजे स्टार्टरवरची एक सोय. वीज आली की मोटर आपोआप सुरू होते. आमच्या अकरा ग्राहकांनी ते काढलं होतं, पण गावातल्या बाकी सगळ्यांचं तसंच होतं. वीज आल्या क्षणी शे-दीडशे मोटरी एकदम उठणार आणि विजेचा दाब कोसळणार. मी तिथून तीस किलोमीटरवर वाढलेली मुलगी. हे मला सुचायला हवं होतं. मी लॅपटॉप पेटीला जोडून बसले.

साडेदहाला वीज आली. स्टार्टरच्या खोलीतला बल्ब लाल झाला, पाचेक सेकंद तसाच राहिला, मग उजळला. लॅपटॉपवर चिपचं उत्तर उमटलं आणि माझ्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं.

समजावून सांगते. प्रत्येक चिपमध्ये कारखान्यातच एक नंबर कोरलेला असतो, तिचा एकटीचा. वीज आली की ड्रायव्हर तिला एकदा विचारतो, तुझा नंबर काय? मग तिलाच सांगतो, फक्त या नंबरचे निरोप आत सोड, बाकीचे गाळून टाक. दाब कमी असला तर चिपनं गप्प राहायला हवं. तसं तिच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे. ही गप्प राहिली नाही. अर्धवट झोपेत काहीतरी बरळली. नंबराच्या जागी तिनं सगळे एकच एक भरून पाठवले. आणि चिपच्या भाषेत सगळे एक याचा अर्थ असा, की गाळू नकोस, कुणाचाही निरोप आत येऊ दे.

ड्रायव्हरनं ते उत्तर घेतलं, मान डोलावली आणि पुढे गेला. आत आलेला प्रत्येक निरोप आपलाच, असंही मीच गृहीत धरलेलं. उलट दिशेनं, पेटीकडून, असला नंबर लावून आलेली खबर आमचा गेटवे, म्हणजे गावातल्या पेट्या आणि सर्व्हर यांच्यामधलं यंत्र, कचरा समजून फेकून द्यायचा. म्हणून काकूंच्या फोनवर जुनंच 'बंद' दिसत राहायचं. पुढच्या वेळी वीज नीट आली की चिप खरा नंबर सांगायची, आणि आम्ही तपासायला जाईपर्यंत सगळं आलबेल.

मी हे काकूंना सांगत होते तेवढ्यात स्टार्टर खट्‌कन वाजला आणि मोटर सुरू झाली. आम्ही तिघंही जागच्या जागी उभे. काकूंनी फोन पुढे केला. मोटर बंद, असं लिहिलेलं होतं.

"कुनी चालू केली?" काकूंनी विचारलं.

सर्व्हर पाहिला. ओढ्यापलीकडच्या एका ग्राहकानं त्याची स्वतःची मोटर चालू केली होती. तो निरोप काकूंच्या पेटीनंही उचलला होता.

काकूंनी फोन बाजूला ठेवला. "उन्हाळ्यात दोनदा अशीच चालू दिसली व्हती. मी दिरावर आरडले. पंधरा दिवस बोलत नव्हतो आमी."

मी सरांना फोन लावला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चांगलं काम केलंस. ड्रायव्हर दुरुस्त कर, रेडिओवरून अपडेट पाठवू. कुणाला काही बोलू नकोस. पॅनिक होईल."

"सर, अपडेट पोचायला दिवस लागतात. आत्ता कुणी विहिरीत असेल तर?"

"नसेल गं. रोज कोण उतरतं?"

मी फोन ठेवला. वीज येऊन अर्धा तास झाला होता. याच वेळेत लोक एकामागून एक मोटरी चालू करतात. खोलीच्या पायरीवर बसून मी बाकीच्या दहा जणांची यादी उघडली. प्रत्येकाला एकच वाक्य: फोनवर बंद दिसली तरी विश्वास ठेवू नका, फ्यूज काढल्याशिवाय कुणाला खाली उतरवू नका. तिघांनी ऐकून घेतलं. एकानं विचारलं, मग पेटी घेतली कशाला? मी पुढचा नंबर लावला. दोघांनी कबूल केलं की मोटर आपोआप चालू दिसली होती, एकानं बायकोला बोल लावला होता, एकानं म्हाताऱ्या आईला. काकूंचं धरून तीन घरांत माणसं एकमेकांवर संशय घेत होती. मशीनवर कुणीच घेतला नव्हता.

सातवा फोन एका निवृत्त गुरुजींना.

"गुरुजी, तुमच्या विहिरीत कुणी उतरलेलं नाही ना?"

"आमचा प्रकाश उतरलाय की. पाला अडकलाय मोटरीत. पण काळजी नको, मी फोनवरून बंद केली आहे."

"त्याला वर बोलवा. आधी वर बोलवा, मग बोलू!"

फोन कुठेतरी आपटला. "पक्या! ए पक्या, वर ये! सोड ते, वर ये आधी!" गुरुजींचा फाटका आवाज मला ऐकू येत होता. काकू माझा दंड धरून उभ्या होत्या. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग गुरुजी धापा टाकत फोनवर आले.

"आला. काठावर बसलाय. काय झालंय, ताई?"

मी तोंड उघडलं आणि फोनमधून तो आवाज आला. आधी घरघर, मग मोटरीचा भरलेला आवाज. गुरुजी हळूच म्हणाले, "ताई, मी हात लावलेला न्हाई."

मी तिथेच रडले. काकूंनी तेव्हा पाणी दिलं.

दुरुस्ती म्हणाल तर अठरा ओळींची झाली. वीज स्थिर होईपर्यंत थांबायचं. नंबर तीनदा विचारायचा. तिन्ही उत्तरं जुळली नाहीत, किंवा सगळे एक आले, तर मोटर बंद ठेवून गप्प बसायचं. आत आलेला निरोप आपलाच आहे का, हे स्वतः पुन्हा बघायचं. चिप बनवणाऱ्यांना मी तावातावानं पत्र लिहिलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: हा दोष आमच्या दोषांच्या यादीत चौथ्या पानावर आहे. ती यादी आठ महिन्यांपूर्वी माझ्या मेलमध्ये येऊन पडली होती. मी उघडली नव्हती. हे सरांना सांगायला मला दोन दिवस लागले.

पण त्या सोमवारी, पाणी प्यायल्यावर, मी सरांना पुन्हा फोन केला. गुरुजींचं सांगितलं.

"वर आला ना तो?"

"आला."

"बाकीच्या गावांची यादी पाठव. अर्धे फोन मी करतो."

अपडेट सगळ्या पेट्यांपर्यंत पोचायला नऊ दिवस लागले. फोन त्याच सोमवारी दुपारी अडीचला संपले.