टॅलो क्रीकचा शेवटचा माणूस

खाणीतल्या दगडात सोनं किती, हे तपासून सांगायचं काम ॲम्ब्रोज ट्रेगियरचं. नेवाडातल्या टॅलो क्रीकचं सोनं संपत आल्याचं त्याला वसंतातच कळलं होतं; पण मॅनेजरने तोंड बंद ठेवायला बजावलं होतं.

त्याच दिवसांत शेजारच्या हेन्रिएटा पाववालीने विचारलं, “तूच सांग रे, नवी भट्टी बांधू का? खाण चालेल ना?”

“बांध की! तुझे पाव पुरतात कुठे गावाला?”

तिने भट्टी बांधली; पण हिवाळ्याआधीच खाण बंद पडली आणि महिन्याभरात गाव ओस पडलं. निघताना गाडीत बसून हेन्रिएटाने विचारलं, “तुला ठाऊक होतं ना?”

त्याने मान खाली घातली.

“जाऊ दे. हा पाव घे. आता कोण खायला घालणार तुला?”

गाव सोडून गेलेल्यांना दाखवायला त्याला तोंड उरलं नव्हतं. मरेपर्यंत तो तिथे एकटाच राहिला.